पिलांबरोबर ऊबही द्या
(मंडळीच्या मेळाव्यातील भाषण)



धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कुटुंबांना कोंबडीची पिले घेता यावीत म्हणून आपण दान देता. आज त्या पिलांच्या पहिल्या तीन आठवड्यांविषयी बोलतो, कारण ती बहुधा तेव्हाच दगावतात.

गावठी पिलाला थंडी वाजली की ते आईच्या पंखाखाली शिरते. मत्तयाच्या २३ व्या अध्यायात प्रभूने हीच उपमा वापरली. पाड्यावरच्या बाईला ती समजावून सांगावी लागत नाही. पण हॅचरीतून खोक्यात येणाऱ्या वनराजा, गिरिराजाच्या पिलाला आई नसते. अंगावर नुसती लव, आणि सातपुड्यातली थंडी. तिथे आईची जागा ब्रूडरने घ्यायची.

शब्द मोठा, वस्तू साधी. पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा दीड फूट उंच आडोसा. तो गोलच हवा. कोपरा असला की पिले तिथे दाटी करतात आणि खालची चेंगरतात. खाली दोन इंच भाताचे तूस, त्यावर पहिले दोन-तीन दिवस वर्तमानपत्र, नाहीतर पिले तूसच खातात. मध्ये बल्ब, पिलामागे साधारण २ वॉट. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायची.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिले बल्बखाली एकमेकांवर चढून ओरडत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. कडेला जाऊन चोच वासून बसली तर उकडते आहे. सगळी एकाच बाजूला गेली तर समोरून वारा येतो आहे. सगळीकडे पसरून खात-पीत असतील तर आपणही झोपावे. आमच्या गटातल्या बाया हे एका रात्रीत शिकतात.

खरी अडचण विजेची. ती जाते नेमकी पहाटे. मग कोळशाची शेगडी, भोवती जाळी. पण खोली कोंदून घ्यायची नाही. कोळशाच्या धुराने पिलेच काय, माणसेही जातात. वर फट हवीच.

पिले आली की आधी गूळपाणी, मग मक्याचा भरडा. पाण्याचे भांडे उथळ, त्यात चार खडे टाकलेले, कारण भिजलेले पिलू गारठून मरते. पहिल्या आठवड्यात मानमोडीविरुद्ध लासोटा लसीचा थेंब. ही लस बर्फातच आणावी लागते, म्हणजे दवाखान्यापासून पाड्यापर्यंतचे भाडे आलेच.

काही ठिकाणी खोकी वाटतात, फोटो काढतात आणि गाडी परत जाते. मला ते पटत नाही. पन्नास पिलांचे पैसे देणार असाल तर चाळीसच पिले घेऊ द्या. उरलेल्यातून पत्रा, बल्ब, कोळसा आणि लस येईल. पुढची खेप होळीनंतर, थंडी उतरल्यावर आणायची असे बायांनीच ठरवले आहे. तोवर आम्ही पत्रे आणि शेगड्या जमवतो आहोत.