न्यायासन गांवांत कधीं येणार?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



तालुक्याच्या कोर्टाची पायरी चढलेला एकही माणूस घरांत नाहीं, असें कुटुंब ह्या सभेंत विरळाच असेल. कोणाचा बांधाचा वाद, कोणाची पाटाच्या पाण्याची पाळी, कोणा सुताराची राहिलेली मजुरी, कोणाचा सावकाराकडचा कागद. पहाटेची एस. टी. धरावी, दिवसभर लिंबाखालीं बसावें, शिपायाच्या पुकाऱ्याकडे कान लावावा, आणि आंत जाऊन पुढची तारीख घेऊन परत यावें. रोज बुडाला, भाडें गेलें, वकिलाची फी वेगळीच. एवढें होऊनही त्या इमारतींत कोण बसतें आणि त्याला तेथें कोणीं बसविलें, हें आपणांस ठाऊक नसतें. मग दारांतला दलाल गांठतो. "साहेब आपल्या ओळखीचे आहेत" म्हणून पांचशें रुपये उपटतो आणि चहाही आपल्याच पैशानें पितो! म्हणून आज आम्ही त्या खुर्च्यांचीच ओळख करून देणार आहों.

मधल्या उंच खुर्चीवर बसतात ते दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. तेच प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी. जमिनीचा दावा आणि मारामारीचा खटला दोन्ही त्यांच्याच पुढें चालतात. त्यांना आमदार नेमीत नाहीं, कलेक्टरही नेमीत नाहीं. महाराष्ट्र लोकसेवा आयोग पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत घेतो. उत्तीर्णांची नेमणूक राज्यपालांच्या नांवानें होते. आणि पुढें बदली, बढती, रजा हें सारें उच्च न्यायालयाच्या हातीं. राज्यघटनेचीं २३४ व २३५ हीं कलमें ह्यासाठींच आहेत. तेव्हां दलालाची ओळख कोठपर्यंत पोंचते, तें तुम्हींच ताडा.

मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, ह्या जागेसाठीं अर्ज करणाऱ्यानें आधीं तीन वर्षें वकिली केलेली असावी. अनुभव हवा, हें आम्हांला मान्य आहे. पण बाप कुणबी, आई रोजानें जाणारी. असा मुलगा कायद्याची पदवी घेऊन तीन वर्षें मोठ्या वकिलाच्या फायली वाहील, तेव्हां त्याच्या खोलीचें भाडें कोण भरणार? ज्याच्या घरांत आधींच वकील आहे त्याला ही अट जाचत नाहीं. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं आपल्या कारकीर्दींत (१८९४ ते १९२२) अस्पृश्य मानलेल्या घरांतील तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या, त्या कांहीं उगीच नव्हत. आपल्या मंडळ्यांनीं आणि वसतिगृहांनीं ह्या तीन वर्षांची सोय आतांपासून पाहिली पाहिजे.

खालच्या खुर्च्यांवर अधीक्षक, लघुलेखक, कारकून आणि पैशाअडक्याचा हिशेब ठेवणारा नाझर. बाहेर हिंडतो तो बेलीफ. बेलीफ दिसला कीं आपलीं माणसें मागच्या दारानें पळतात; हा मोठाच वेडेपणा. समन्स नाकारलें म्हणून दावा थांबत नाहीं. कागद दाराला चिकटवितां येतो, आणि आपण गैरहजर राहिलों तर एकतर्फी निकाल होऊं शकतो. समन्स घ्यावें, सही करावी, तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

आतां खरी गोष्ट. हें कोर्ट गांवाकडे यावें म्हणून संसदेनें २००८ सालीं ग्राम न्यायालयांचा कायदा केला, आणि २ ऑक्टोबर २००९ पासून तो अमलांत आला. पंचायत समितीच्या ठिकाणीं हें न्यायालय असावें, त्यावर एक न्यायाधिकारी असावा. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी होण्याची ज्याची पात्रता, त्यालाच राज्य सरकारनें उच्च न्यायालयाच्या सल्ल्यानें नेमावें. नेमतांना अनुसूचित जाति, जमाति, स्त्रिया आणि सरकार जाहीर करील ते इतर वर्ग ह्यांना प्रतिनिधित्व द्यावें, असें कायद्यांतच लिहिलें आहे. आमच्या मतें ह्या कायद्याचें हेंच सर्वांत मोलाचें वाक्य.

न्यायाधिकाऱ्यानें कचेरींतच बसून राहावयाचें नाहीं. त्यानें वेळोवेळीं गांवोगांव जावें, पक्षकारांच्या जवळच्या जागीं काम चालवावें, आणि दिवस व जागा आधीं जाहीर करावी. त्यासाठीं वाहन सरकारनें द्यावयाचें. कारकून किती व कोणत्या दर्जाचे, हें सरकार उच्च न्यायालयाच्या सल्ल्यानें ठरवितें. दिवाणी दाव्याची फी शंभर रुपयांच्या वर नाहीं आणि निकाल सहा महिन्यांत द्यावयाचा. काम होतां होईल तों राज्याच्या भाषेंत, म्हणजे आपल्याकडे मराठींत. निकालाची प्रत फुकट. पाटाचें पाणी, विहिरीवरचा हक्क, गायरान, भागीनें केलेली शेती, किमान वेतन, उसनवारी हे सारे तंटे ह्यांत येतात. फौजदारींत दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे आणि वीस हजारांपर्यंतची चोरी येते. ज्या आरोपीला वकील परवडत नाहीं त्याच्यासाठीं निदान दोन वकील नेमून ठेवावयाचे. आधीं तडजोड करून पाहण्यासाठीं सचोटीच्या समाजसेवकांची यादी जिल्हा न्यायालयानें तयार करावयाची. त्या यादींत आपल्यापैकीं कोणाचें नांव आहे काय, हें विचारा.

मग घोडें अडलें कोठें? एका क्रियापदावर. कायदा म्हणतो, राज्य सरकार अशीं न्यायालयें स्थापूं शकेल. "स्थापीलच" असें म्हणत नाहीं. केंद्रानें आरंभीं एकदांच अठरा लाख रुपये आणि पहिल्या तीन वर्षांपुरता वार्षिक खर्चाचा निम्मा वांटा, तोही ३ लाख २० हजारांपर्यंत, देऊं केला. पुढचा भार राज्यांवर, म्हणून राज्यांनीं हात आखडला. तालुक्याच्या वकीलमंडळींतही पुष्कळ ठिकाणीं उत्साह बेताचाच. फेब्रुवारी २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें मागें राहिलेल्या राज्यांना चार आठवड्यांत अधिसूचना काढा म्हणून बजावलें. तरीही आपल्या राज्यांतल्या बहुतेक तालुक्यांत ती पाटी लागलेली नाहीं. जेथें लागली तेथेंही अनेक ठिकाणीं नेहमींचेच न्यायाधीश आठवड्यांतून एखाददुसरा दिवस हें काम पाहतात. ज्यांच्या टेबलावर आधींच फायलींचा डोंगर, त्यांच्याच माथीं हा नवा गठ्ठा! स्वतंत्र न्यायाधिकारी, स्वतंत्र कारकून आणि फिरतीचें वाहन, ही आपली मागणी. ग्रामसभेंत तसा ठराव करावा, आणि त्याची नक्कल जिल्हा न्यायाधीशांकडे व पालकमंत्र्यांकडे पाठवावी.

सभेला येतांना एका कुंभारवाड्यांतल्या म्हातारीनें आम्हांला थांबविलें. म्हणाली, "दादा, जज्जसाहेब गांवांत आले तर बसतील कुठं?" आम्ही म्हटलें, "आजी, चावडींत, शाळेंत, समाजमंदिरांत. त्यांना सोयीची वाटेल तेथें." ती म्हणाली, "मग समाजमंदिराचे पत्रे आधीं बदलून घ्या. पावसांत साहेबांच्याच डोक्यावर गळंल."