समुपदेशकाची परीक्षा

आमच्या गटातल्या एका ताईंच्या बहिणीची लेक अमेरिकेत समुपदेशन मानसशास्त्रात पीएच.डी. करते. परवा ती फोनवर म्हणाली, "मावशी, परीक्षेचं टेन्शन आलंय." पीएच.डी. म्हणजे प्रबंध लिहायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. मग ही परीक्षा कसली? तिच्याकडून समजून घेतलं, ते आज सांगतो.

तिकडे वर्गातलं शिक्षण होत आलं की ही सर्वंकष परीक्षा येते. ती पास झाल्याशिवाय सहसा प्रबंधाचं काम पुढे सरकत नाही. प्रत्येक विद्यापीठाची तऱ्हा वेगळी. कुठे लेखी पेपर असतात, कुठे एखाद्या माणसाची अडचण मांडायची आणि प्राध्यापक समोर बसून प्रश्न विचारतात. पाठांतरावर भागत नाही. समजा, समोरची बाई म्हणाली, "कुणाला सांगू नका, पण मला जगायचं नाही." तर काय करशील? गप्प राहशील की कुणाला कळवशील?

गुपित राखणं हा या कामाचा पाया. आपल्याकडे नळावर निघालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होते, म्हणून बायका मन मोकळं करत नाहीत. पण जीव धोक्यात असेल तर गुपित राखून चालत नाही, आणि हे पहिल्याच भेटीत सांगायचं असतं. कॅलिफोर्नियात 1969 साली तात्याना टारासॉफ या तरुणीचा खून झाला. मारणाऱ्याने तो बेत आपल्या मानसोपचारतज्ज्ञाला आधीच सांगितला होता. पोलिसांना कळवलं गेलं, पण तिला कुणीच सावध केलं नाही. 1976 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की धोक्यातल्या माणसाला वाचवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यावरही असते. हा खटला तिकडच्या विद्यार्थ्यांना शिकावाच लागतो.

परीक्षेनंतर प्रबंध, वर्षभर प्रत्यक्ष काम, मग परवान्याची आणखी एक परीक्षा. इतकं सगळं का, ते आम्हाला आता पटलं.

आपल्याकडे 'समुपदेशक' ही पाटी पाहून शिक्षणाचा अंदाज येत नाही. कुणी एम.ए. केलेलं असतं, कुणी थोड्या दिवसांचा कोर्स. तेव्हा विचारायला लाजू नका: ताई, तुम्ही काय शिकलात? माझं बोलणं कुणाला सांगाल, कधी सांगाल? या प्रश्नांनी जी चिडेल, तिच्याकडे आम्ही तरी पुन्हा जाणार नाही.

आणि जवळ कुणीच नसेल तर 14416 हा सरकारचा टेली-मानस नंबर लिहून ठेवा. तो रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.