खोल समुद्रातले पाहुणे

आज होडीतून जाऊया, वेंगुर्ल्याच्या समुद्रात.
सोबत घ्या दुर्बीण, टोपी आणि पिण्याचं पाणी.
अंगात लाइफ जॅकेट हवंच.

किनारा मागे पडतो.
कुरव पक्षी मासेमारी होड्यांमागे घिरट्या घालतात.
आणखी आत गेलं, की नशिबाने दिसतो
विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल.
चिमणीहून थोडासा मोठा, काळपट पक्षी.
तो थेट अंटार्क्टिकाकडून येतो.
लाटांवर पाय टेकवत जणू पाण्यावर चालतो.

हे पक्षी गोड्या पाण्याविना जगतात कसे?
त्यांच्या डोळ्यांजवळ खास ग्रंथी असतात.
त्या रक्तातलं जादा मीठ काढतात.
खारं पाणी चोचीवरून ठिबकतं.

मग जमीन कशाला हवी?
मुख्यतः अंडी घालायला.
वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवर
सुरय पक्षी वीण घालतात.
अंडी उघड्या खडकावरच असतात.
माणूस जवळ गेला, की पक्षी उडतात.
अंडी उन्हात तापतात.

म्हणून श्रोतेहो, एवढं लक्षात ठेवा.
पक्षी होडीतूनच पाहा, दुरूनच पाहा.
विणीच्या बेटावर उतरू नका.
आणि प्लास्टिकचा कपटाही समुद्रात टाकू नका.