परिचारिका आणि ‘किरकोळ’ आजार
(आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



ताप, खोकला, जुलाब, कानदुखी, खरूज, विळा लागून झालेली जखम. वैद्यकाच्या परिभाषेत हे किरकोळ आजार होत. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या लेखी त्यांतला एकही किरकोळ नसतो. दोन दिवसांचा ताप म्हणजे दोन दिवसांची बुडालेली मजुरी. आणि तान्ह्या मुलाचे जुलाबात गेलेले पाणी वेळीच भरून निघाले नाही तर प्रश्न जिवाचाच असतो.

सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा सरकारी निकष आहे. उपकेंद्रात डॉक्टर नसतो, परिचारिका असते. मग दारात आलेल्या रुग्णावर उपचार कोणी करावेत, हे व्यवस्थेने मनोमन केव्हाच ठरवलेले होते. फक्त तसा अधिकार कागदावर देण्यास ती कचरत राहिली. १९७८ साली सोव्हिएत कझाकस्तानातील आल्मा-आता येथे झालेल्या जाहीरनाम्याने नेहमीच्या आजारांवरील उपचार हा प्राथमिक आरोग्यसेवेचा भाग मानला आणि तिच्या आधारस्तंभांत डॉक्टरांबरोबर परिचारिका व सुईणी यांचीही गणना केली.

परिचारिकेला हे जमेल काय, असा प्रश्न विचारला जातो. मुलाचा खोकला घ्या. न्यूमोनियाचा संशय घेण्यासाठी क्ष-किरण यंत्र लागत नाही. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आत ६०, बारा महिन्यांपर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक श्वास भरले तर तो वेगवान श्वास. मूल दूध पिऊ शकत नसेल, गुंगीत असेल, आकडी आली असेल, तर तातडीने रुग्णालय. साध्या सर्दीला प्रतिजैविक नाही. यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड, आणि ती पुष्कळ पदवीधर डॉक्टरांनाही साधत नाही!

इंग्लंडमध्ये आग्नेय लंडन व केंट येथील पाच दवाखान्यांत याची रीतसर चाचणी झाली. निष्कर्ष २००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. किरकोळ आजारांचे १,८१५ रुग्ण त्यात होते. परिचारिकांनी प्रत्येकाला सुमारे १० मिनिटे दिली, डॉक्टरांनी ८. औषधे लिहून देण्याचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले. परिचारिकांनी तपासलेल्यांपैकी ७३ टक्के रुग्णांचे काम डॉक्टरांच्या मदतीवाचून झाले, आणि रुग्णांचे समाधान त्यांच्याकडे किंचित अधिकच आढळले. अर्थात, तेथे उरलेल्या २७ टक्क्यांसाठी डॉक्टर त्याच इमारतीत होता. हा फरक विसरून तो दाखला जसाच्या तसा इकडे लावणे ही फसवणूक ठरेल.

आपल्याकडे २०१८ पासून उपकेंद्रांत सामुदायिक आरोग्य अधिकारी नेमण्यास प्रारंभ झाला. त्यांत नर्सिंगचे शिक्षण घेतलेले अनेक जण आहेत. सहा महिन्यांचे जादा प्रशिक्षण त्यांना दिले जाते. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने सामुदायिक आरोग्यसेवकांसाठी मर्यादित परवान्याची तरतूद केली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर आल्या. गरिबांना दुय्यम दर्जाचा वैद्य, हा त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण हा आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जण त्या उपकेंद्राच्या गावी राहायला तयार आहेत?

खरा धोका निराळाच आहे. जबाबदारी डॉक्टरची आणि नेमणूक कंत्राटी. पगाराचा एक हिस्सा कामगिरीच्या तक्त्यांवर टांगलेला. सरकारला परिचारिका हवी आहे ती स्वस्त पडते म्हणून. म्हणूनच उपचाराच्या अधिकाराबरोबर कायम नेमणूक, लेखी उपचारपद्धती, कपाटात पुरेशी औषधे, अडल्या वेळी फोन उचलणारा डॉक्टर आणि रात्री निघू शकणारी रुग्णवाहिका या मागण्या एकाच निवेदनात गेल्या पाहिजेत.