लाल रंग शेवटी



मीनाकारी म्हणजे काचेच्या भुकटीने काढून भट्टीत पक्के केलेले चित्र. जयपूरचा कारागीर आधी सोन्यावर वेलबुट्टी कोरतो. रंगीत काच खलात बारीक कुटून, पाण्याने धुऊन ती ओली भुकटी खाचांत भरतो. वाळल्यावर तुकडा भट्टीत जातो. सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भुकटी वितळते आणि धातूला कायमची धरते.

सगळे रंग एकदम भाजत नाहीत. जास्त आच सोसणारा आधी, नाजूक नंतर. लाल सर्वांत नाजूक, म्हणून तो शेवटी. आधीच भरला तर पुढच्या आचेत तो बिघडतो.

हे समजले तेव्हा मला माझी लाल शाई आठवली. बडोद्यात मी मराठी शिकवते. घरात मराठी, बाहेर गुजराती अशी वाढलेली एक विद्यार्थिनी आजीविषयी दोन पाने लिहून घेऊन आली. पहिल्याच खर्ड्यावर मी ऱ्हस्व-दीर्घापासून गुजराती वळणाच्या वाक्यांपर्यंत सारे लाल केले. "बरं मॅडम," म्हणून तिने वही उचलली. पुन्हा काही लिहून आणले नाही.

शुद्धलेखन हवेच. पण आता पहिल्या खर्ड्याला मी एवढेच विचारते, "पुढे काय झालं?" दुसऱ्याला वाक्यरचना पाहते. लाल पेन उघडते ते तिसऱ्याला.

आपल्याकडे मराठीत लिहू पाहणारी मुले मोजकीच आहेत. त्यांचे म्हणणे आधी पक्के होऊ द्या. लाल रंगाची पाळी येईलच.