एका 'एस्'ची किंमत

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या रात्रीच्या वर्गापुढें झालेलें भाषण)



इंग्रजी लिहितांना होणाऱ्या चुकांविषयीं मीं बोलावें, असें मंडळींनीं सुचविलें. तुमच्यापैकीं कांहींना वाटेल, हें काम शाळामास्तरांचें. नांगर धरणाऱ्याला व घण मारणाऱ्याला त्याचें काय? म्हणून आधीं एक हकीकत सांगतों.

विलायतेंत वेल्समध्यें कार्डिफ शहरीं 'टेलर अँड सन्स' नांवाचा एका घराण्याचा जुना कारखाना होता.  अडीचशेंच्या वर माणसें त्यावर पोट भरीत. २००९ सालच्या फेब्रुवारींत कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या तेथील सरकारी कचेरींत, 'कंपनीज हाउस'मध्यें, एका निराळ्याच कंपनीचें दिवाळें निघाल्याची नोंद व्हावयाची होती. तिचें नांव 'टेलर अँड सन'. शेवटचें एक 'एस्' एवढाच फरक. नोंद पडली ती 'सन्स'च्या नांवावर! थोड्याच दिवसांत चूक ध्यानांत आली. पण तोंवर कोणाची पत किती हें बाजाराला सांगणाऱ्या पेढ्यांकडे ती खबर पोंचली होती. माल देणाऱ्यांनीं उधारी बंद केली, गिऱ्हाइकें बिचकलीं, आणि दोन महिन्यांत कारखाना बसला. २०१५ सालीं लंडनच्या हायकोर्टानें कचेरीस जबाबदार धरलें. पण न्याय मिळाला म्हणून विझलेली भट्टी कांहीं पेटली नाहीं.

तेव्हां "एका अक्षराचें काय एवढें!" असें कोणी म्हटलें कीं माझें डोकें फिरतें. मीही चुका पाहून चिडणाऱ्यांपैकींच आहें. मात्र चिडावें कोणावर, याचा विचार केला पाहिजे.

इंग्रजींत अक्षराच्या डोक्यावर स्वल्पविरामासारखी एक खूण देतात. तिला ॲपॉस्ट्रॉफी म्हणतात. ती 'चा-ची-चें' दाखविते. अनेकवचनाशीं तिचा संबंध नाहीं. पण विलायतेंतले भाजीवाले टोमॅटोंच्या पाटीवर ती टांगतात आणि 'टोमॅटो'चें 'टोमॅटोचें' होऊन बसतें. हीच चूक शिकलेलेही करितात. पण तिला नांव पडलें 'भाजीवाल्याची ॲपॉस्ट्रॉफी'! चूक सगळ्यांची, नांव मात्र बिचाऱ्या पाटीवाल्याचें. जॉन रिचर्ड्स नांवाच्या एका निवृत्त पत्रकारानें २००१ सालीं या खुणेच्या रक्षणासाठीं मंडळी काढली. २०१९ सालीं, वयाच्या ९६ व्या वर्षीं, अज्ञान व आळस जिंकले असें म्हणून त्यानें ती बंद केली. म्हातारा हट्टी खरा, पण मला तो आवडतो.

आतां दुसरी बाजू पाहा. कर्ज या अर्थाचा इंग्रजी शब्द 'डेट'. उच्चारांत 'बी' नाहीं, लिहिण्यांत आहे. हा 'बी' आला कोठून? पूर्वीं तो नव्हताच. लॅटिनांत 'डेबिटुम' आहे म्हणून विद्वानांनीं तो मागाहून घुसडला. बेट या अर्थाच्या 'आयलंड'मधला 'एस्' तर निव्वळ गैरसमजानें आला. त्या शब्दाचा लॅटिनशीं संबंधच नव्हता. 'नाईफ'मधला 'के' मात्र एके काळीं खरोखर उच्चारीत. १४७६ च्या सुमारास कॅक्स्टननें विलायतेंत छापखाना काढला. पुढें पुढें छापील अक्षर गोठत गेलें, आणि लोकांचें तोंड मात्र बदलत राहिलें. म्हणजे विद्वानांनीं अक्षर घुसडलें तें शुद्ध, आणि आपल्या पोरानें तें गाळलें कीं छडी!

आपल्याकडेंही जोतीराव फुल्यांच्या व्याकरणाची विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं थट्टा केली होती, हें आपणांस ठाऊक आहे. आणि मी अजून जे जुने अनुस्वार देतों, ते १९६२ च्या नियमांनीं गेले. आजच्या मास्तरांच्या हातीं माझा हा कागद दिला तर तांबड्या शाईनें भरून जाईल! असो.

सांगावयाचें तें हें कीं पाटीवरची चूक हंसण्यावारी न्यावी, पण कागदावरची नेऊं नये. माझ्या चुलत्यांचें नांव ज्ञानोबा. बँकेच्या पुस्तकांत तें इंग्रजी 'डी'नें सुरू होतें, आधार कार्डावर 'जी'नें. दोन्ही वेळां लिहिणारा दुसराच; चुलत्यांनीं फक्त नांव सांगितलें. पैसे काढावयास गेले तेव्हां खिडकीवरचा गृहस्थ म्हणाला, "हीं दोन निराळीं माणसें आहेत." तीन खेपा, एक प्रतिज्ञापत्र आणि पेरणीचे चार दिवस गेले. वर चुलत्यांनाच ऐकावें लागलें, "तुम्हांला स्वतःचें नांव लिहितां येत नाहीं काय?"

म्हणून सही-अंगठ्यापूर्वीं इंग्रजी नांवाचें एकेक अक्षर मोठ्यानें वाचून घ्या. घरांत शिकणारी मुलगी असेल तर तिला बरोबर न्या. खिडकीवरचा घाई करील, करूं द्या. सर्व कागदांवर एकच वळण ठेवा, मग तें 'डी' असो वा 'जी'.

ज्यांनीं आज आपले कागद आणले असतील त्यांनीं आतां पुढें दिव्याजवळ यावें. आधीं बायांचे कागद पाहूं. त्यांना घरीं परतावयाचें आहे.