खर्जाची तार



जगातला सर्वांत मोठा गिटारवादक कोण, हा वाद लंडन-न्यूयॉर्कला जसा रंगतो तसाच तो साताऱ्यातही रंगायचा. १९८८-८९ च्या सुमारास आम्ही कॉलेजात होतो. राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर भेळेच्या गाड्या आवरेपर्यंत आमचा कट्टा चाले. एकाचा थोरला भाऊ मुंबईला नोकरीला. त्याने आणलेल्या कॅसेटींमुळे हा गडी जिमी हेंड्रिक्सचा भक्त. हेंड्रिक्स १९७० साली सत्ताविसाव्या वर्षी गेला. तेवढ्या आयुष्यात त्याने इलेक्ट्रिक गिटारला जे बोलायला लावलं ते पुढे कोणाला जमलं नाही, असं याचं ठाम मत. दुसरा म्हणे, परदेशात कशाला जाता? ‘यादों की बारात’मधलं ते काचेचा ग्लास किणकिणतो ते गाणं घ्या, त्याच्या सुरुवातीची गिटार ऐका आणि मग बोला. ती गिटार भूपिंदर सिंग यांची, हे त्याला पाठ होतं. तिसरा ब्रिजभूषण काबरांचा माणूस. काबरांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तिच्यावर राग वाजवले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि तिसरी ही गिटार. पुढे १९९४ साली विश्वमोहन भट्टांना त्यांच्या मोहनवीणेसाठी ग्रॅमी मिळालं आणि या पक्षाला मोठंच बळ आलं, पण तोवर आमचा कट्टा पांगला होता.

या भांडणात मी फारसा पडत नसे. मला वेगळीच गोष्ट खटकायची. हे सगळे पुढे बसणारे लोक. मागे कोण होतं, ते कोणीच विचारत नव्हतं.

गणपतीत पेठेपेठेत ऑर्केस्ट्रा व्हायचे. लीड गिटारवाला स्टेजच्या कडेला येऊन मान झटकायचा, शिट्ट्या घ्यायचा. बेस गिटारवाला मात्र ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या मागे, अंधारात उभा. चार जाड तारा, चेहऱ्यावर भाव नाहीत. एका वर्षी ऐन रंगात त्याची वायर निखळली. बाकी सगळी वाद्यं चालूच होती, गायकही गात होता. पण पुढे नाचणारी पोरं एकदम थबकली. काय बिघडलं ते त्यांना सांगता येईना. पायाखालचं फळकूट काढून घ्यावं तसं झालं एवढंच. वायर परत बसली, पोरं पुन्हा नाचू लागली. बेसवाल्याकडे तेव्हाही कोणी पाहिलं नाही.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. राहुलदेव बर्मन यांच्या कितीतरी गाण्यांखाली टोनी वाझ यांची बेस गिटार आहे. तबकडीच्या वेष्टनावर वादकांची नावं छापायची रीतच नव्हती. अमेरिकेत मोटाउनच्या गाण्यांनी १९६० चं दशक गाजवलं, त्यांतल्या बहुतेकांचा बेस जेम्स जेमरसन नावाच्या एकाच माणसाने वाजवला होता. त्याचं नाव मोटाउनच्या मोठ्या तबकडीवर आलं ते १९७१ मध्ये, मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. बीटल्सचा बेसवाला १९६१ साली सोडून गेला तेव्हा ते वाद्य घ्यायला दुसरं कोणी राजी नव्हतं. शेवटी ते पॉल मॅकार्टनींच्या गळ्यात पडलं. आज तेच नाव थोर बेसवादकांच्या यादीत अग्रभागी असतं, हा भाग वेगळा.

गिटारचा हा वाद मिरजेला नेला की त्याला सतारीचं रूप येतं. लोक गमतीने म्हणतात, सातारा नावाच्या गावात सतार होत नाही, ती होते मिरजेला. सांगली जिल्हा १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ म्हणवला जायचा, तेव्हा दोन गावांमधलं हे भांडण तसं घरातलंच. माझे मामू मिरजेला रेल्वेत होते. ड्यूटी संपली की ते सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानाच्या पायरीवर जाऊन बसत. सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर जाई. तिथला वाद एकच: रविशंकर की विलायतखाँ?

या वादात कारागिरांच्या तोंडी एक शब्द सारखा येई, खर्ज. खर्ज म्हणजे सर्वांत खालचा, जाड तारेचा सूर. गिटारीच्या जगात ज्याला बेस म्हणतात, त्याच घराण्यातला. रविशंकरांनी सतारीवर खर्जाच्या तारा ठेवल्या. आलाप करताना ते त्या खोल विहिरीत उतरत. विलायतखाँसाहेबांनी त्या जाड तारा काढून टाकल्या, तारांची मांडणी बदलून गंधाराला जागा दिली आणि सतारीला गळ्यासारखं गायला लावलं. एकाने बेस ठेवला, एकाने सोडला. एकाला १९९९ मध्ये भारतरत्न मिळालं, दुसऱ्याने २००० साली पद्मविभूषण नाकारलं. दोघांच्या चाहत्यांनी या गोष्टींचंही भांडवल केलं. माझ्या मते दोघांनी एकाच प्रश्नाला दोन उत्तरं दिली: खालचा सूर हातात ठेवायचा, की तो मागच्या तानपुऱ्यावर सोपवायचा?

ज्याला केवळ खालचाच सूर हवा त्याच्यासाठी सुरबहार आहे. सतारीचाच मोठा, जाड तारांचा, गंभीर भाऊ. विलायतखाँचे धाकटे बंधू इमरतखाँ ते वाजवत. आणि अन्नपूर्णादेवी. मैहरच्या बाबांची ही लेक तरुणपणीच मैफलीतून उठली ती पुन्हा मंचावर आली नाही. २०१८ साली मुंबईत गेली तोवर तिच्या हाताखालून कितीतरी नामवंत वादक तयार झाले होते. थोर कोण, या वादात तिचं नाव घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तिला ऐकलेलंच नसतं. मला हे फार बोलकं वाटतं.

तर मामूंनी एकदा त्या दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराला सरळ विचारलं, “चाचा, तुम्ही सगळ्यांच्या सतारी हाताळल्यात. मोठा कोण?”

चाचांनी कानस खाली ठेवली नाही. म्हणाले, “घोडीला विचार.”

घोडी म्हणजे ज्या पट्टीवरून तारा जातात ती. तिच्या पाठीला दिलेला बारीक बाक म्हणजे जवारी. वाजवून वाजवून तारा त्या पाठीत चरे पाडतात, आवाज बोथट होतो, मग कारागीर कानशीने ती पाठ पुन्हा घासून जवारी काढतो. “ज्याची घोडी वर्षातून दोन-तीनदा माझ्याकडे येते तो वाजवणारा. ज्याची पाच वर्षं येत नाही त्याचे नुसते फोटो बघा.” चाचांच्या लेखी थोरवीचा निकाल एवढाच होता, आणि त्यात नाव कोणाचंच नव्हतं.

मिरजेचे हे सतारमेकर मूळचे शिकलगार. तलवारी-भाल्यांना धार लावणं हा त्यांचा धंदा. इंग्रजी अमलात तलवारीचं काम बसलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली, मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी आश्रय दिला. धार लावणाऱ्या हातानेच जवारी काढली. पोलाद जाऊन भोपळा आला.

भोपळा हा कडू जातीचा, खायच्या कामाचा नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून तो वाळून येतो. भिजवायचा, कापायचा, आतून खरवडायचा. त्यावर लाकडाची तबली, वर तुनाच्या लाकडाची दांडी, खुंट्या, मणी, आणि चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, शेवटची जाड, खर्जाची. झाला तानपुरा. आता आपल्या भाषेची गंमत बघा. परीक्षेत शून्य मिळालं की आपण म्हणतो, भोपळा मिळाला. तमाशात एकतारी तुणतुणं सतत सूर धरतं म्हणून लावणी उभी राहते. पठ्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्ष याच वाळवे तालुक्यातलं, त्या मातीत तुणतुण्याची किंमत ठाऊक असायला हवी. पण कोणी तेच तेच बोललं की आपण वैतागून म्हणतो, काय तुझं एकच तुणतुणं! सूर धरून बसणाऱ्यासाठी मराठीने शिव्याच राखून ठेवल्यात. मी गझल लिहितो, म्हणून मला हे जरा जास्त लागतं. शेरागणिक काफिया बदलतो, त्याला दाद मिळते. रदीफ तिथेच असते, तीच, तशीच. ती काढून घेतली की शेर कोलमडतात.

तानपुऱ्याची जवारी नीट लागली, तार आणि घोडीच्या मधला दोरा नेमक्या जागी सरकला, की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. तो कोणी छेडलेला नसतो. जाड तार पूर्ण लांबीने थरथरते तशीच तुकड्यातुकड्यानेही थरथरते, आणि तिच्या पाचव्या भागाचा सूर म्हणजे हा गंधार. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० च्या सुमारास नेमका याच जवारीचा अभ्यास केला होता. कारागिरांना ते कानाने ठाऊक होतं. विलायतखाँनी ज्या गंधारासाठी सतारीची मांडणी बदलली, तो मिरजेच्या तानपुऱ्यात खर्जाच्या पोटातच असतो!

किराण्याहून आलेल्या अब्दुल करीमखाँसाहेबांचं मिरजेशी नातं या सुरामुळे जडलं असं मला वाटतं. स्वतः तानपुरे दुरुस्त करणारा हा गवई. १९३७ च्या ऑक्टोबरात पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळकोइल स्टेशनवर त्यांनी डोळे मिटले. त्यांना मिरजेत आणलं, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तिथे उरुसात त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी संगीतसभा होते.

आता तानपुऱ्याचं काम डबीत आलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तानपुरा निघाला, आज तो मोबाइलमध्ये फुकट आहे. उतरत नाही, थकत नाही, त्याला चहा द्यावा लागत नाही. रियाझाला मी त्याला नावं ठेवणार नाही. एकट्या माणसाची सोय झाली. पण गुरूच्या मागे तानपुरा घेऊन दोन-दोन तास बसणं ही शिष्याची शाळा होती. तबल्याची लय कितीही चढो, आपला हात त्याच संथ गतीने फिरवायचा, आणि गुरूचा श्वास पाठीमागून ऐकायचा. कितीतरी मोठे गवई त्या जागेवरून उठून पुढे आले. ती जागा डबीला दिली तर शिष्याने बसायचं कुठे? २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, फार चांगलं झालं. मानांकनाने नक्कल थांबेल. मागे बसणारा मात्र गायकालाच ठेवावा लागेल.

काही वर्षांपूर्वी दर्ग्यातल्या सभेत मी मुद्दाम बाजूला, तानपुऱ्याच्या रेषेत बसलो होतो. रात्रीची दमट हवा, तारा उतरत होत्या. मागे एक कॉलेजातली मुलगी तानपुरा घेऊन. गाणं ऐन भरात असताना तिने हात थांबवला. पुढचे लोक माना वळवून बघायला लागले. तिने खर्जाची खुंटी पिळली, मणी थोडा खाली सरकवला, कान दांडीला लावला. बुजुर्ग गायकाने तान अर्ध्यावर सोडली, तबलजीला हातानेच थांबवलं आणि मान खाली घालून बसून राहिले. तार लागली. त्यांनी मागे न पाहताच विचारलं, “झालं, बेटा?”

“हां जी,” ती म्हणाली, आणि मगच त्यांनी पुन्हा षड्ज लावला.